केरसुणीचा मान

माझा धाकटा नातू परदेशी असतो. तिकडे उन्हाळा आला की हा बायकोला आणि दोन पोरांना घेऊन सायकलींवर निघतो. धाकटीला मागच्या खुर्चीत बांधायचं, थोरल्याला त्याची स्वतःची छोटी सायकल, आणि नदीच्या काठाकाठानं एका देशातून दुसऱ्या देशात जायचं. मुक्काम होस्टेलात. तिथं एकावर एक पलंग असतात, आपलं आपण रांधायचं, आपली भांडी आपण घासायची, निघताना खोली झाडून द्यायची. हे सगळं तो मला फोनवर सांगतो आणि शेवटी म्हणतो, "आजी, तुला कल्पनाच यायची नाही." मी म्हणते, खरंय बाबा. एवढ्या लांबून वाद घालायचं माझं वय राहिलं नाही, आणि गुडघे तर सायकलीचं नुसतं नाव काढलं तरी कुरकुरतात.

पण कल्पना मला आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, हे सगळं भोरात बसून करून चुकले होते, आणि तेही संस्थानच्या मोजणी खात्यातल्या नोकरीत राहून. आप्पांचं काम गावोगावच्या जमिनी मोजायचं. साखळी, निशाणाच्या काठ्या आणि नकाशांची गुंडाळी घेऊन महिन्यातले बरेच दिवस ते वेल्ह्याकडच्या डोंगरात असत. आधी तट्टावरून जात, मग सायकल आली, आणि सायकल आल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. संध्याकाळी वाचनालयात बसून ते इंग्रजी मासिकं चाळत. तिथं एकदा त्यांनी वाचलं की विलायतेकडची माणसं बायकामुलांसकट सायकलींवर देशोदेशी हिंडतात आणि त्यांच्यासाठी गावोगाव यूथ होस्टेलं काढलेली आहेत. घरी आल्यावर त्यांनी तो लेख आईला मराठीत करून सांगितला. आई तेव्हा ताक घुसळत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, म्हणजे धर्मशाळाच की. आप्पा म्हणाले, धर्मशाळाच, पण तिथं शिस्त असते.

त्या शिस्तीपायी आमच्या घरात तीन सायकली झाल्या. आप्पांची जड काळी, आईसाठी पुण्याहून आणलेली जुनी, आणि माझ्यासाठी एक अशी, की तिचा मूळ रंग कुणालाच सांगता आला नसता. माझा धाकटा भाऊ दिगू आप्पांच्या पुढच्या दांडीवर बसायचा. आई सायकल शिकली ती पहाटे, नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर, आणि फार लवकर शिकली. आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला, पण आईचं एकच उत्तर असे, की नऊवारीचा काष्टा मारलेल्या बाईला घोडासुद्धा जड नाही, सायकल कसली. एकदा काष्ट्याचं टोक साखळीत गेलं आणि ती धाडदिशी पडली, तेव्हा आप्पांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून साखळीवर झाकण बसवलं. त्या पत्र्याचा खडखड आवाज भोरात सगळ्यांच्या ओळखीचा झाला. आम्ही चौकात पोचायच्या आधी आमची बातमी पोचायची. घरातसुद्धा सकाळचे आवाज म्हणजे आईचं जातं, शेजारच्या आजोबांचं खोकणं आणि आप्पांचा पंप. ते हवा भरताना प्रत्येक दाबाला हुं म्हणत, आणि दिगू न्हाणीघरातून तसंच हुं म्हणून त्यांना वेडावत असे. आप्पांना ते कळायचं आणि ते मुद्दाम मोठ्यानं हुं म्हणायचे.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निघत असू. वाट ठरलेली होती. भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर, मग आत वळून मार्गासनी, पुढं राजगडाच्या पायथ्याला पाली. परत येताना सडकेनं सारोळ्यापर्यंत यायचं आणि नीरेचा पूल ओलांडून शिरवळला एक मुक्काम करायचा. भोर संस्थानातलं, शिरवळ इंग्रजांच्या मुलखातलं, म्हणून आप्पा त्याला परदेश म्हणत. पूल संपला की ते सायकल थांबवून गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "चला, परदेश आला." दिगूला तिथली माती वेगळी दिसायची. मला तीच दिसायची, पण मी बोलत नसे. बरोबर वळकट्या, एक स्टो, पातेली, दशम्या, लसणीची चटणी आणि मेतकुटाचा डबा. चढावर उतरून ढकलायचं, उतारावर आप्पांच्या मागं रांगेत राहायचं. मार्गासनीच्या अलीकडं करवंदाच्या जाळ्या लागत, तिथं आप्पांची शिस्त थोडी ढिली पडायची. आम्ही तोंडं काळीनिळी करून गावात शिरायचो.

होस्टेलं आप्पांनी स्वतःच ठरवली होती. मार्गासनीला रखमाबाई म्हणून एका शेतकरणीच्या घराची ओसरी, पालीला मारुतीचं देऊळ, शिरवळला धर्मशाळा. आणि मासिकात वाचलेला नियम प्रत्येक ठिकाणी पाळायचाच: निघण्याआधी जागा झाडून द्यायची. आप्पा विचारायचे, आज केरसुणीचा मान कुणाचा? मग ज्याचा असेल त्यानं पुढं व्हायचं. लग्नात मान असतात तसा तो मान होता. त्यावरून मी आणि दिगू भांडलोसुद्धा आहोत. गावच्या लोकांना मात्र हे काही पसंत नव्हतं. पहिल्याच वर्षी रखमाबाईंनी आप्पांच्या हातातली केरसुणी ओढून घेतली होती.

"रावसायेब, पावन्यानं केर काढायचा, मंग आमी काय मेलो का?" त्या म्हणाल्या. "वैनी, तुमी तरी सांगा की ह्यांना."

आईनं नुसतं कपाळाला हात लावला. आप्पांनी रखमाबाईंना विलायतेतल्या पोरांची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, त्यांच्या आया त्यांना वरडत न्हाईत व्हय? पुढच्या वर्षापासून आम्ही येणार कळलं की रखमाबाई केरसुणी लपवून ठेवायच्या आणि आप्पा ती शोधून काढायचे. दोघांनाही त्यात गंमत वाटत असावी. त्या आम्हाला शिधा द्यायच्या, आई चुलीवर भात टाकायची, आणि जेवताना रखमाबाई जरा लांब उंबऱ्यावर बसून आईला बारीकसारीक विचारत राहायच्या. सायकलीवर पोटात दुखत नाही का, हेही विचारायच्या. आई म्हणायची, दुखतं, पण घरी बसलं तरी दुखतंच.

मी सांगते आहे त्या वर्षी मला चौदावं लागलं होतं. भोरात मुलींना जेवढं शिकता येत होतं तेवढं माझं शिकून झालं होतं. पुढं शिकायचं तर पुण्याला मुलींच्या बोर्डिंगात राहायला हवं होतं. आप्पांच्या मनात ते होतं, पण कचेरीतली माणसं विचारायला लागली होती, मुलीचं काय करताय. आप्पांनी दोन्ही डगरींवर हात ठेवले. एक स्थळ बघायचं, जमलं तर जमलं, नाही जमलं तर पुणं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. आईनं सांगितलं, निघायच्या आदल्या दिवशी, माझ्या डोक्याला तेल लावताना. शिरवळला मुलाकडचे येणार आहेत. खंडाळ्याजवळच्या गावचे आहेत, घरची शेती आहे, मुलगा कोल्हापुरात शिकतो. जाताना पेटीतलं जांभळं लुगडं घ्यायचं आहे, माझ्या वळकटीत ठेवते.

मला ते ऐकून काय वाटलं असं पुढं पुष्कळांनी विचारलं. लेकीनं विचारलं, सुनेनं विचारलं. काही वाटलं नाही. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं. सायकलीच्या चाकांत मी हवा भरली. वळकटी बांधली. मैत्रिणींची लग्नं झाली होती, त्या रडल्या होत्या, मीही त्यांच्याबरोबर रडले होते. आता माझी वेळ आली तर रडू कुठं गेलं होतं कोण जाणे. पुण्याच्या शाळेचं स्वप्न बघत मी मोठी झाले होते असंही आता सांगायला छान वाटेल, पण पुणं मी दोनदाच पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा मला टांग्यांच्या गर्दीची भीती वाटली होती. मला एवढंच कळत होतं की शिरवळच्या धर्मशाळेत काहीतरी ठरणार आहे आणि ते ठरवणाऱ्यांत मी नाही.

त्या प्रवासातलं त्यामुळे मला नीटसं आठवत नाही. मार्गासनीला रखमाबाईंनी आंब्याचा रस केला होता. मी तो प्याले असणार. आईनं त्यांना बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली आणि म्हणाल्या, उन्हात लई काळी पडली पोर, डोस्क्यावरनं पदर घे. पालीच्या देवळात दिगूला विंचू दिसला आणि आप्पांनी तो तांब्याखाली झाकून ठेवला. गडाच्या अंगानं वारा यायचा, देवळातली घंटा आपोआप किणकिणायची. आई उतारावर गाणं म्हणत असे, ते तिनं त्या वर्षी म्हटलं नाही. आप्पा मात्र रोजच्यापेक्षा जास्त बोलत होते. घोडं कुठं पेंड खातंय ते मला आता कळतं. त्यांना बहुधा वाटत होतं की मुलाकडच्यांनी मला सायकलीवरून येताना बघावं. आपली मुलगी काय चीज आहे ते लोकांना कळेल. ज्या मुलखात मुलगी दाखवताना तिला चालून दाखव म्हणतात, तिथं माझ्या बापाला मला सायकल चालवून दाखवायची होती.

आणि तसंच झालं. आम्ही धर्मशाळेशी पोचलो तेव्हा मुलाकडची माणसं आधीच येऊन ओसरीवर बसली होती. मुलगा, त्याची आई आणि कुणी एक मामा. मी घामानं निथळत, केस चिकटलेले, पायांवर धूळ, अशी त्यांच्यासमोर सायकलीवरून उतरले. मामांचं तोंड उघडंच राहिलं. मुलाची आई मात्र उठून पुढं आली. बारीक अंगाची, शांत डोळ्यांची बाई होती. तिनं घागरीतलं पाणी माझ्या हातावर घातलं आणि म्हणाली, आधी तोंड धू, मग बघू. माझ्या आईला तेवढ्यानं धीर आला.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. जांभळं लुगडं, आईनं स्टोवर केलेले पोहे, माझ्या हातात ताटली, माझी नजर जमिनीवर. नाव विचारलं, सांगितलं. मामांनी पोथीतली ओळ वाचायला दिली, वाचली. पुरण येतं का, येतं. मामा रंगाबद्दल काहीतरी पुटपुटले तर मुलाच्या आईनंच उत्तर दिलं, की उन्हाचा रंग चार महिन्यांत उतरतो. मुलगा माझ्याकडे एकदाच बघून आप्पांकडे वळला आणि साखळीवरच्या पत्र्याबद्दल विचारायला लागला. आप्पांनी त्याला तो पत्रा काढून, पुन्हा बसवून दाखवला. दोघांचे हात काळे झाले, दोघं खूष. वाईट नव्हता तो. मला तो आवडला नाही आणि नावडलाही नाही. निघताना त्याच्या आईनं माझ्या आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, मुलगी गुणाची आहे, आम्ही कळवतो. गाडी जुंपली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज सडकेकडं गेला.

आम्हालाही लगेच निघायचं होतं, कारण त्या वर्षी तिथं मुक्काम नव्हता आणि अंधार पडायच्या आत पूल ओलांडायचा होता. आप्पा आनंदात होते. वळकट्या आवळताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, केरसुणीचा मान कुणाचा. दिगू म्हणाला, ताईचा. माझाच होता. मी लुगड्याचा पदर खोचला, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि आतल्या भिंतीपासून झाडायला सुरुवात केली. पोह्यांतली मोहरी सांडली होती, मामांच्या सुपारीचे तुकडे होते, ते सगळं गोळा करत मी उंबऱ्यापर्यंत आले आणि केर ओसरीवरून खाली लोटला.

खाली मुलाची आई उभी होती. तिचा तांब्या विहिरीच्या कठड्यावर राहिला होता, तो न्यायला गाडी थांबवून ती एकटीच मागं चालत आली होती. केर तिच्या पावलांपाशी जाऊन पडला.

आपल्याकडं माणूस घरातून निघालं की लगेच केर काढत नाहीत. तो पोचेपर्यंत, निदान नजरेआड होईपर्यंत तरी थांबतात. पाठोपाठ केर काढतात तो एकदाच, प्रेत उचलल्यावर. हे मला माहीत होतं. आमच्या घरीसुद्धा आई तसंच करायची. पण प्रवासातल्या मुक्कामात आम्ही वर्षानुवर्षं उलटं करत आलो होतो, कारण तिथं निघणारे आम्हीच असायचो. आपल्या आधी दुसरं कुणी निघालं तर काय करायचं, याचा नियम आप्पांच्या मासिकात नव्हता.

ती रागावली नाही. तिचा चेहरा नुसता पांढरा पडला. "आम्ही अजून वळणावरही पोचलो नाही, पोरी," ती म्हणाली. तिनं तांब्या घेतला आणि गेली. केराला वळसा घालून गेली, ते मी बघितलं.

आईनं माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली. आप्पांना आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ते गाडीमागं धावले. सडकेवर गाडीची कड धरून ते पळत होते आणि मुलाच्या आईला विलायतेतल्या होस्टेलांबद्दल सांगत होते. मला ते लांबून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून कळत होतं की ते आता झाडण्याच्या नियमाशी आले आहेत. मामांनी बैलांना दामटलं. आप्पा परत आले तेव्हा त्यांच्या टोपीखालून घाम गळत होता. सारोळ्याच्या पुलाशी आई सायकलीवरून उतरली आणि पूलभर चालत आली. दिगूनं विचारलं, आता परदेश संपला का, तर आप्पांनी नुसता वेग वाढवला. मी पायडल मारत होते. माझ्या डोक्यात फक्त पत्र्याची खडखड होती.

नकार यायला वेळ लागला नाही. तो घेऊन बापूकाका आले. हे आप्पांच्या कचेरीतले, मध्यस्थ तेच होते. त्यांना बोलताना फार वाईट वाटत होतं आणि तरी त्यांनी आईनं केलेला शिरा दोनदा घेतला. मुलगी पसंत होती म्हणाले, पण त्या बाईचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला आहे, आणि आता धाकट्याच्या पाठोपाठ केर काढलेला तिनं डोळ्यांनी बघितला आहे. तिला कुणी काय समजावणार? खरं तर मला त्या बाईचा कधीच राग आला नाही, आजही येत नाही. पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नव्हती. शिरवळला घडलेलं भोरात आमच्या आधी पोचलं होतं. बापूकाका म्हणाले, आता उशीर केलात तर कुणी दारात उभं राहायचं नाही. त्यांच्याकडं आणखी एक स्थळ तयार होतं. बिजवर होता, पहिलीचं एक मूल होतं, पण नोकरी संस्थानातली आणि माणूस मोठ्या मनाचा, असल्या गोष्टी मनावर न घेणारा. येत्या आठवड्यात तो बघायला यायला तयार होता.

मला वाटलं आप्पा पुण्याचं बोलतील. ठरलं तसंच होतं ना, नाही जमलं तर पुणं. पण आप्पा सतरंजीच्या दशा ओढत बसले होते. शिरवळच्या सडकेवर धावताना त्यांच्यातलं काहीतरी सांडलं होतं. त्यांनी पंपाला हात लावणं सोडलं होतं, वाचनालयात जाणं सोडलं होतं. ते म्हणाले, "बघू तर खरं. यायला काय हरकत आहे."

आईनं माजघरातून ते ऐकलं. मीही ऐकलं. आणि मला काही वाटलं नाही.

बापूकाका गेल्यावर आप्पा बाहेर पडले. आई तांदूळ निवडायला बसली आणि मला समोर बसवलं. भोरचा आंबेमोहोर, तो नुसता सुपात पसरला तरी वास येतो. दुपारची वेळ होती, दिगू परसात कैऱ्या पाडत होता, त्यांचा धपधप आवाज येत होता. आई खडे वेचत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

"शिरवळला ते मुद्दाम केलंस का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. माझा मान होता म्हणून झाडलं.

तिनं आणखी थोडे खडे वेचले. "मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

 मला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडेल. आईचा अपशकुनांवर विश्वास होता, मांजर आडवं गेलं तरी ती थांबायची. पण ती जे बोलत होती ते शकुनाचं नव्हतं. ती हळू आवाजात स्वतःचं सांगायला लागली, मला बघायला आले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मला वाटलं पाहुणे गूळ खायला आलेत. चुकून झालं तर ते नशीब, आणि नशिबावर हे रोज एकेक माणूस दारात आणून उभा करतील. पण पोरीनं मुद्दाम केलं असेल तर तिला नको आहे, असं मला ह्यांना सांगता येईल. ते ऐकतील. इतकी वर्षं विलायतेच्या गोष्टी सांगणारा माणूस आहे, दुसरं कुणाचं नाही पण हे ऐकेल.

मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"पुन्हा विचारते. मुद्दाम केलंस का गं?"

मला काय हवं होतं ते मला त्या क्षणीही ठाऊक नव्हतं. पुणं डोळ्यांसमोर आलं नाही, बिजवरही आला नाही. आईचं तोंड तेवढं समोर होतं आणि ते कशाचीतरी वाट बघत होतं. माझ्यासाठी कुणी असं थांबलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम केलं."

आई उठली. पदरानं हात पुसले आणि आप्पा येईपर्यंत दारातच उभी राहिली. ते आले तेव्हा तिनं त्यांना चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. "शिरवळला तिनं मुद्दाम केर काढला," ती म्हणाली. "तिला लग्न नकोय. मला कबूल केलंय तिनं."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता मार बसणार. तोवर कधी बसला नव्हता, पण एवढं मोठं मी तोवर काही केलंही नव्हतं. ते म्हणाले, "मुद्दाम?" मी मान हलवली. आणि हळूहळू त्यांचा चेहरा मोकळा झाला, शिरवळपासून प्रथमच. त्यांना झालेला आनंद मला आजही सांगता येणार नाही. आपण चुकून अब्रू घालवली हे त्यांना सोसत नव्हतं. मुलीनं स्वतःच्या मनानं घालवली म्हटल्यावर सोसलं. ते तसेच आल्या पावली बापूकाकांकडं गेले आणि सांगून आले की मुलगी पुण्याला शिकायला जाणार आहे, आठवड्यात कुणी येऊ नये.

पुढं जन्मभर त्यांनी ही गोष्ट सांगितली. माझ्या नवऱ्याला सांगितली, माझ्या मुलांना सांगितली. त्यांच्या सांगण्यात मी मुलाच्या आईकडं बघत बघत, सावकाश, केर लोटत असे. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले, त्याचं मूळ त्यांच्या मते त्या केरसुणीत होतं. ते सांगायला लागले की आई चहा टाकायला उठायची. आमची नजरानजर व्हायची, पण त्या दुपारी सुपाशी जे झालं ते तिनं कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. आप्पा गेले, मग आई गेली, तरी आजवर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये सायकली माळ्यावर चढल्या, कारण आता पाऊस येणार होता, आणि मी पुण्याला निघाले. आप्पा बरोबर येणार होते, पुढं जाऊन मोटारीच्या टपावर ट्रंक चढवत होते. आई मला मोटारीच्या दारापर्यंत सोडायला आली. बायका अशा वेळी पोटाशी धरतात, पापे घेतात. तिनं तसलं काही केलं नाही. माझ्या हातात दशम्यांची पुरचुंडी दिली आणि कानाशी येऊन म्हणाली, "मुद्दाम केलं म्हणालीस ना? मग आता शीकही मुद्दाम."

मी बरं म्हटलं आणि आत जाऊन बसले. मोटार सुटली, चौक गेला, पूल गेला. आप्पा पुढच्या बाकावर ड्रायव्हरशी चढांबद्दल बोलत होते. कापूरहोळच्या अलीकडं मला रडू यायला लागलं. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे, ते थांबेचना. शेजारच्या शेतकरणीनं न विचारता आपल्या पदराचं टोक माझ्या हातात दिलं. नसरापूर येईपर्यंत मी रडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.